संत्र्याच्या लाकडाचा चमचा: कोणती हत्यारं घ्यावीत, कोणती राहू द्यावीत

लाकडी चमचा कोरायचा संच ऑनलाइन मागवला की डब्यातून साधारण तीन वस्तू निघतात. एक छोटा सरळ चाकू, एक आकड्यासारखा वळलेला हुक चाकू आणि धारेला शेवटचा हात द्यायला कातड्याचा पट्टा. हा संच स्वीडन-नॉर्वेकडच्या पद्धतीवर बेतलेला आहे. तिकडे बर्चचं झाड पाडलं की ओलं असतानाच तासायला घेतात, आणि ओलं बर्च चाकूखाली मुळ्यासारखं जातं. तोच संच नागपुरात, मे महिन्यात, सुकलेल्या बाभळीवर चालवून पाहिला तेव्हा हुक चाकू दहा मिनिटं नुसता घसरत राहिला. लाकडावर पांढरे ओरखडे उठले, मनगट भरून आलं आणि धार मात्र गेली. चाकू वाईट नव्हता, लाकूड त्याचं नव्हतं. म्हणून आधी लाकूड ठरवायचं आणि मग त्याला झेपेल ते हत्यार घ्यायचं. उलट क्रमाने गेलं की पैसे दोनदा जातात.

आपल्याकडे लाकडाचा तोटा नाही, पण बहुतेक लाकूड हाताशी येतं ते सुकलेलं. नागपूरच्या लकडगंजातल्या टालीवर सागाचे तुकडे सहज मिळतात. मात्र सागात सिलिका असते आणि ती धार खाते. रंध्याखाली साग गुळगुळीत निघतो, पण चाकूने कोरताना दर पंधरा-वीस मिनिटांनी चाकू पट्ट्यावर फिरवावा लागतो. बाभूळ आणि शिसव सुकल्यावर चाकूचं काम राहतच नाही, तिथे पटाशी आणि मोगरीच (लाकडी हातोडा). कडुनिंबाचे रेषे (लाकडाचे तंतू) थरागणिक दिशा बदलतात, त्यामुळे एका बाजूने सुरळीत चाललेला चाकू दोन बोटं पुढे गेल्यावर अचानक खपली काढतो. शिवण हलकं, आखडणारं कमी आणि शिकायला उत्तम, पण मऊ असल्याने चमच्याची कड जाड ठेवावी लागते. आंबा चालतो, फक्त कापल्यावर लगेच कामाला घ्यावा. पडून राहिला की भुंगा लागतो आणि बुरशीचे काळे-निळे डाग उतरतात. कण्हेर, रुई, शेर आणि थोर यांच्या वाटेला जायचंच नाही. हे विषारी किंवा अंगाला झोंबणाऱ्या चिकाचं लाकूड, ताटातल्या वस्तूला नको.

आमचा कौल संत्र्याला. काटोल, नरखेड, कळमेश्वर, वरुड या पट्ट्यात जुन्या बागा मोडतात किंवा डिंक्या रोगाने गेलेली झाडं काढतात, तेव्हा खोडं सरपणात जातात. लाकूड फिकट पिवळं, बारीक पोताचं आणि चिवट असतं, कोरताना रेषे उठत नाहीत, ओलं असताना चाकू छान घेतं. नखं साफ करायच्या लाकडी काड्या पूर्वापार याच लाकडाच्या करतात, त्यांना इंग्रजीत नावही ‘ऑरेंज स्टिक’ असंच पडलं आहे. आंबिया बहाराची, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीतल्या फुलोऱ्याची, फळं उतरली की बागेत सल काढायचं काम निघतं, पण ती सल आपल्याला नको. सल म्हणजे झाडावरच वाळलेली फांदी, ती आतून तडकलेली असते. आपल्याला जिवंत खोडाचा किंवा जाड फांदीचा तुकडा हवा. पाच सेंटिमीटर रुंद चमच्याला किमान १० ते १२ सेंटिमीटर व्यासाची फांदी लागते, कारण ती उभी फोडून मधला गाभा काढूनच टाकायचा असतो. गाभा चमच्यात राहिला तर तडा ठरलेला. लांबी ३० ते ३५ सेंटिमीटर घ्यावी. चमचा २५ ते २७ चा होतो आणि दोन्ही टोकांचा तडकलेला भाग कापून टाकायला जागा उरते.

खोड निवडताना दोन गोष्टी पाहायच्या. संत्र्याची कलमं बहुधा जंबेरीच्या (एका रानटी लिंबाच्या) खुंटावर बांधलेली असतात, आणि कलमाच्या जोडापाशी रेषे गुंतलेले असतात. तिथून वीतभर वरचा तुकडा घ्यावा. दुसरं म्हणजे खोडाला जमिनीपासून हात-दोन हात उंचीपर्यंत बोर्डो मलम लावलेलं असतं, म्हणजे मोरचूद आणि चुना. साल पूर्ण सोलायची आणि सालीखालचा पातळ थरही कुऱ्हाडीने उतरवायचा. निळसर डाग दिसतोय तोवर तासत राहायचं. तुकडा घरी आणल्याबरोबर दोन्ही टोकांना फेविकॉलचा जाड थर द्यावा. नागपूरच्या उन्हाळ्यात हे काम ‘संध्याकाळी करू’ म्हटलं की संध्याकाळपर्यंत टोकाला चांदणीसारख्या चिरा पडलेल्या असतात.

आता हत्यारं. पहिली कुऱ्हाड, कारण चमच्याचं अर्ध्याहून जास्त काम तीच करते आणि नवखे लोक नेमकी तीच टाळतात. चाकूने दोन तास जे होतं ते कुऱ्हाडीने वीस मिनिटांत होतं. इतवारीच्या लोहा ओळीत मिळणारी नेहमीची कुऱ्हाड सव्वा ते दीड किलोची असते आणि तिचा उतार, म्हणजे धारेकडे निमुळता होणारा भाग, बोथट असतो. ती सरपण फोडायला केलेली आहे. चमच्याला लोखंडाचं वजन ५०० ते ७०० ग्रॅम पुरतं. दुकानात छोटी कुऱ्हाड मिळाली की तिचे गाल (धारेमागच्या दोन्ही बाजू) कानशीने उतरवून घ्यावेत. मोजमाप सोपं आहे: जिथे लोखंड ६ मिलिमीटर जाड आहे तिथून धारेपर्यंत उतार ११ मिलिमीटरच्या आसपास भरला म्हणजे कोन ३० अंश झाला. ७-८ मिलिमीटरच भरला तर ती अजून सरपणाचीच कुऱ्हाड आहे, लाकडात शिरण्याऐवजी उसळेल. दांडा ३५ ते ३८ सेंटिमीटर ठेवावा, धावड्याच्या लाकडाचा मिळाला तर दुसरं काही पाहू नये. हाताने गाल उतरवणं कंटाळवाणं आहे, पण ग्राइंडरवर देऊ नका. धारेवर निळी झाक आली की त्या जागेचं पाणी, म्हणजे लोखंडाला तापवून-बुडवून दिलेला कडकपणा, उतरलं. मग तेवढा भाग घासून काढेपर्यंत ती कुऱ्हाड भाजीच्या सुरीइतकीही धार धरत नाही.

वासला (आडव्या पात्याचं, तासायचं सुतारी हत्यार) घ्यावा का, असं पुष्कळ जण विचारतात. सुताराच्या हातात वासला कुऱ्हाड आणि पटाशी दोन्हींचं काम करतो. चमच्याच्या वाटीची पहिली खोली आणि मानेचा आतला बाक त्याने झपाट्याने निघतो. पण सुतार जमिनीवर बसून तुकडा पायाने धरतो, आणि ती सवय वर्षांची असते. नवख्याने तसं करायला जाऊ नये. घरात जुना वासला असेल तर तुकडा शिकंज्यात पक्का धरून वापरावा, फक्त चमच्यासाठी नवा घेण्याचं कारण नाही.

कुऱ्हाडीखाली ठोकळा लागतोच. फरशीवर किंवा ओट्यावर धरून तासू नये. कडुनिंबाचा किंवा बाभळीचा फूटभर व्यासाचा ओंडका उभा ठेवावा. उभं राहून काम करायचं तर त्याची उंची अर्ध्या मांडीपर्यंत, पाटावर बसून करायचं तर फूटभर. चमच्याचा तुकडा ठोकळ्याच्या पलीकडच्या कडेवर टेकवायचा, म्हणजे घाव चुकला तर लाकडात रुततो, गुडघ्याकडे येत नाही. धरलेला हात नेहमी घावाच्या वर.

सरळ चाकूत फार अडायला होत नाही. स्वीडनच्या मोरा चाकूंमध्ये १०६ क्रमांकाचं पातं सुमारे ८ सेंटिमीटर असतं आणि १२० क्रमांकाचं सुमारे ६. आम्ही ६ वाला घ्या म्हणू. चमच्याच्या मानेपाशी आखूड पातं लवकर वळतं, आणि छातीकडे ओढताना लांब टोक दंडात घुसायची भीती राहत नाही. देशी चाकू घ्यायचा तर दोन गोष्टी पाहाव्यात. पातं ३ मिलिमीटरपेक्षा जाड नको, आणि धारेचा उतार एकाच सपाट पातळीत असावा, दुहेरी नको. ३ मिलिमीटर जाडीला उतार सुमारे ७ मिलिमीटर रुंद असेल तर कोन बरोबर आहे. उतार सपाट असला की तो स्वतःच लाकडावर टेकून चाकूला वाट दाखवतो. भाजीच्या सुरीने कोरता येत नाही ते याच कारणाने: तिचं पातं लवतं आणि टेकायला उतारच नसतो.

खरा घोळ हुक चाकूत आहे. हा विकत घेताना लोक धार पाहतात, पाहायची असते ती गोलाई. वाटी ५० मिलिमीटर रुंद आणि १२ मिलिमीटर खोल धरली तर तिच्या तळाची त्रिज्या साधारण ३२ मिलिमीटर येते. हुकची गोलाई याहून थोडी घट्ट हवी, म्हणजे २२ ते २५ मिलिमीटर त्रिज्या. ती सैल असेल तर पात्याचे दोन्ही कोपरे आधी टेकतात आणि वाटीच्या कडा फाडतात. फार घट्ट असेल, अंगठीसारखी, तर प्रत्येक ओढीला नाली पडते आणि तळ कधी एकसारखा होतच नाही. पारख अशी: दीड इंची जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) पाइपचा बाहेरचा व्यास ४८ मिलिमीटर असतो. हुकचा आतला बाक त्या पाइपवर नीट बसला तर गोलाई योग्य. हार्डवेअरच्या दुकानात खिशातून हुक काढून पाइपला लावलं की दुकानदार विचित्र नजरेने पाहतो, पण खात्री होते.

दोन्ही बाजूंनी धार असलेले हुकही मिळतात. दोन्ही दिशांनी चालतात म्हणून ते सोयीचे वाटतात, पण पाठीवर अंगठा टेकून जोर देता येत नाही, आणि आपल्या कडक लाकडाला तोच जोर लागतो. एका बाजूची धार घ्यावी. उजव्या हाताने काम करणाऱ्यासाठी आणि डावऱ्यासाठी वेगळे हुक असतात, मागवताना हे तपासावं. चुकीचा आला तर धार बाहेरच्या बाजूला येते आणि सगळं काम शरीरापासून दूर ढकलत करावं लागतं.

लोहाराकडून हुक करून घेता येतो आणि चांगला होतो, पण लोखंड आपण नेलेलं बरं. ट्रकच्या कमानीचा पाटा सगळे सुचवतात. तो चांगलाच जाड असतो, तो ठोकून ३ मिलिमीटरवर आणायला लोहार कंटाळतो आणि जाडच सोडून देतो. जाड हुक वाटीत वळत नाही. त्यापेक्षा जुनी चपटी कानस चांगली. तिचे दात मात्र पूर्ण घासून काढायला सांगा, कारण एकाही दाताची खाच राहिली तर पाणी देताना तडा तिथूनच सुटतो. पाणी देताना लोखंड चुंबकाला चिकटेनासं होईपर्यंत तापवायचं, त्याच्या किंचित पुढे न्यायचं आणि कोमट तेलात बुडवायचं. थंड पाण्यात बुडवलेलं पातळ पातं वाकडं होतं किंवा चिरतं. बहुतेक लोहार सवयीने पाण्याची बादलीच पुढे ओढतात, तेव्हा तेलाचा डबा आपणच सोबत न्यावा. तेलातून काढलेलं पातं काचेसारखं ठिसूळ असतं. घरच्या ओव्हनमध्ये २०० अंशांवर तासभर, असं दोनदा ठेवलं की घासून चकचकीत केलेल्या भागावर गवती पिवळी झाक येते, म्हणजे पातं चिवट झालं. निळी झाक आली तर उष्णता जास्त झाली, पाणी पुन्हा द्यावं लागेल.

सुकलेल्या लाकडाचाच चमचा करायचा असेल तर हुक विसरा आणि गोल पटाशी घ्या. २५ मिलिमीटर रुंदीची, मधोमध ५-६ मिलिमीटर खोल. उतार बाहेरच्या बाजूला असलेलीच घ्यावी, आतून उतार दिलेली पटाशी सरळ खाच पाडायला असते, वाटीत ती तळात रुतत जाते. तुकडा शिकंज्यात पक्का धरायचा आणि वाटीच्या दोन्ही टोकांकडून मध्याकडे कोरत यायचं, एका टोकाकडून थेट दुसऱ्या टोकापर्यंत नाही. मध्य ओलांडला की रेषा उलटी होते आणि पुढच्या कडेची खपली निघते. तान्हा पोळ्याचे लाकडी बैल करणाऱ्या कारागिरांचा हात पाहण्यासारखा असतो: पटाशी ढकलत नाहीत, मोगरीच्या हलक्या ठोक्यांनी चालवतात आणि ढलपी सुटायच्या आत मूठ खाली दाबतात. शिसवाची पळी अशी दोन तासांत कोरून होते. हुकने दोन दिवस लागतील, आणि तरी ती देखणी होणार नाही.

धार लावायची सामग्री हत्यारांच्या खर्चात धरलीच पाहिजे. सरळ चाकू आणि कुऱ्हाडीसाठी १००० नंबरचा दगड आणि त्यानंतर ३००० किंवा त्याच्या आसपासचा. उतार पूर्ण टेकवून घासायचं, धार उचलायची नाही. काळ्या मार्करने उताराला रंग द्यावा आणि दोन-तीन वेळा घासून पाहावं. रंग फक्त वरच्या कडेचा गेला तर दगड धारेपर्यंत पोचतच नाही, फक्त धारेचा गेला तर हात उचलला जातोय. हुकचा बाहेरचा उतार दगडावर फिरवत घासायचा. आतल्या बाजूसाठी जुनं लाटणं घ्यायचं, त्याला ६००, मग १००० आणि २००० चा वॉटर पेपर गुंडाळायचा. लाटणं बहुधा ४० मिलिमीटरच्या आसपास असतं, ते हुकच्या आत नेमकं फिरतं. आत फक्त उलटलेली बारीक कड काढायची आहे, तिथे नवा उतार पाडायचा नाही. शेवटी कातड्यावर हिरवं पॉलिश लावून दहा-वीस हात. धार लागली का ते नखावर नाही, शिवणाच्या किंवा आंब्याच्या तुकड्याच्या आडव्या टोकावर पाहावं. काप चकचकीत निघाला तर झाली, पांढरट चुरा झाला तर अजून नाही.

या हत्यारांनी ओल्या संत्र्याचा चमचा असा चालतो. ओंडका कुऱ्हाडीची धार टेकवून, तिच्या पाठीवर लाकडी मोगरीने ठोकत उभा फोडायचा. लोखंडी हातोडा मारला तर कुऱ्हाडीचं भोक फाटतं. गाभा तासून ४५ मिलिमीटर जाड फळी काढायची. चमच्याची मान बाकदार हवी असेल तर वरून रेखाटायच्या आधी बाजूने बाक तासून घ्यायचा आणि आकृती त्या वळलेल्या पृष्ठावर काढायची. हा क्रम उलटला की वाटी आणि दांडी एका रेषेत येत नाहीत. मग मानेच्या दोन्ही बाजूंना करवतीने आडवे छेद द्यायचे, रेषेच्या दोन मिलिमीटर अलीकडे थांबून. हे छेद नसतील तर दांडीवरून उतरणारी कुऱ्हाडीची फाट सरळ वाटीत शिरते. पहिल्या पाचांतले तीन चमचे इथेच जातात. त्यानंतर कुऱ्हाडीने बाहेरचा आकार, रेषेच्या तीन-चार मिलिमीटर बाहेर राहून.

वाटी आधी कोरावी की पाठ, यावर मतं वेगळी आहेत. आम्ही वाटी आधी कोरतो, कारण आतली खोली ठरली की पाठ तासताना चिमटीत जाडी कळते. हुक आडव्या दिशेने, कडेकडून मध्याकडे. अंगठा चमच्याच्या पलीकडच्या कडेखाली टेकलेला, धारेच्या वाटेत कधीही नाही. ओढ छोटी, मनगट वळवून. जाडी तळाला ५ मिलिमीटर आणि कडेला ४ सोडायची, सुकल्यावर आणखी काढायला लागते. मानेची उंची रुंदीपेक्षा जास्त असावी, रुंदी १२ मिलिमीटर तर उंची १६ ते १८. भाजी ढवळताना जोर उभा येतो आणि चपटी मान तिथेच मोडते.

सुकवणं हे नागपुरात निम्मं कौशल्य आहे. मे महिन्याच्या दुपारी हवेत ओलच नसते, कोरलेला चमचा टेबलावर ठेवला तर दोन तासांत वाटीच्या टोकाला तडा जातो. कूलरसमोर ठेवणं तर त्याहून वाईट. पुढून वारा लागतो आणि मागचा भाग ओलाच राहतो. चमचा त्याच्याच ढलप्यांसकट वर्तमानपत्रात गुंडाळून स्टीलच्या डब्यात ठेवायचा, झाकण किंचित उघडं. दोन दिवसांनी कागद बदलायचा, चौथ्या दिवशी ढलप्या काढायच्या, सहाव्या दिवशी डब्याबाहेर. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर रोज वजन करावं. सलग तीन दिवस ग्रॅमाचाही फरक पडला नाही म्हणजे सुकला. पावसाळ्यात उलटा त्रास, डबा बंद ठेवला तर पाच-सहा दिवसांत बुरशी धरते, तेव्हा नुसता कागद पुरतो. काम मधेच सोडायचं असेल तर ओला तुकडा प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रीजरमध्ये. सगळ्यात सोपा काळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी, आणि आंबियाची फळं उतरून बागेतलं लाकूड निघतं तेही याच सुमाराला.

सुकलेल्या चमच्यावर शेवटचा हात ताज्या धारेच्या चाकूने, पातळ लांब काप घेत. चाकूचा काप नीट असेल तर पेपर लागत नाही, आणि पेपरने घासलेल्या चमच्याचे रेषे पहिल्याच धुण्यात उठतात. घासायचाच असेल तर १२०, १८०, २४० असं चढत जाऊन पाण्याने ओला करावा, पूर्ण सुकू द्यावा, उठलेले रेषे ४०० ने हलके काढावेत, आणि हे दोनदा करावं.

तेल जवसाचं, घाण्यावरचं, कच्चं. ते हवेत घट्ट होऊन लाकडात बसतं. शेंगदाण्याचं तेल कधीच सुकत नाही आणि महिन्याभरात खवट वास येतो. रंगाच्या दुकानातलं ‘डबल बॉइल्ड’ जवस तेल मात्र घेऊ नये, ते लवकर सुकावं म्हणून त्यात धातूंचे क्षार घातलेले असतात. पातळ हात द्यायचा, अर्ध्या तासाने जास्तीचं पुसायचं, आठवडाभर थांबून पुन्हा. पुसलेली चिंधी चुरगळून कोपऱ्यात टाकायची नाही. जवसाचं तेल सुकताना तापतं, आणि गोळा केलेली चिंधी आपोआप पेटू शकते, पत्र्याखालच्या खोलीत उन्हाळ्यात तर नक्कीच जपावं. ती पाण्याने भरलेल्या डब्यात बुडवून ठेवावी, किंवा दोरीवर एकेरी पसरून कडक होईपर्यंत वाळू द्यावी आणि मगच कचऱ्यात टाकावी.